कॉलेज म्हणतंय पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. काय करू?

दिवेघाट_उतार

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुरंदर तालुक्यातला, सासवडच्या पुढं आमचं गाव. यंदा बारावी आणि सीईटी झाली, कॅप राउंडमधून (शासनाची केंद्रीय प्रवेश फेरी) पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आयटीला नंबर लागला. घरात इकडं येणारा मी पहिलाच, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच प्रश्न. वडिलांची सव्वादोन एकर जमीन, त्यात अंजीर आणि बांधाला थोडं सीताफळ. यंदाचा मीठा बहार अवकाळीनं नेला. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. धाकटी बहीण अकरावीला. आम्ही ओपनमध्ये. उत्पन्नाचा दाखला काढलाय, ९६,००० चा.

फीच्या पावतीवर असं लिहिलंय: शिक्षण शुल्क १,१८,०००, विकास शुल्क १५,०००. एकूण १,३३,०००. प्रवेश घेताना आम्ही ६०,००० भरले, त्यातले ४०,००० आत्यानं दिले. आता अकाउंट्समधून सांगतात की राहिलेले ७३,००० सप्टेंबरअखेर भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. मी शिष्यवृत्तीचं विचारलं तर म्हणाले, "ती आली की परत देऊ, आधी पूर्ण भर." वडील म्हणतात गाय काढू. जर्सी आहे, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देते. तिच्यावरच घर चाललंय सध्या.

इथं नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहतो, महिना ३,५००. मेस ३,०००, रविवारी संध्याकाळी बंद.

प्रश्न तीन. एक, ७३,००० खरंच भरावे लागतील का? दोन, फी सोडून राहण्याजेवणासाठी काही मिळतं का? तीन, कॉलेजबाहेरच्या नेट कॅफेवाला म्हणतो २,५०० दे, सगळे फॉर्म मी भरतो, पैसे शंभर टक्के येणार. द्यावेत का?

अजून एक. घरी मी सांगितलंय की शिष्यवृत्तीचं काम झालंय. झालेलं काहीच नाही.

मेसचा_डबा

नेट कॅफेवाल्याला एक रुपया देऊ नको. बाकीचं जाणकार सांगतील.

खिडकी_क्रमांक_३

पुण्यातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्ती विभागात ३१ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. आता निवृत्त आहे. नातू झोपलाय तोवर लिहिते, तो उठला की उरलेलं नंतर.

गाय काढू नका. आधी हिशोब बघ.

तुला लागू होते ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कॉलेजात सगळे तिला अजून ईबीसीच (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात, तूही खिडकीवर तेच म्हण, पटकन कळेल. पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, महाराष्ट्राचा अधिवास, आणि घरातल्या दोनच मुलांना लाभ. तुम्ही दोघंच भावंडं, म्हणजे तेही बसतं. (मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्यांना आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठातल्यांना ही मिळत नाही. दरवर्षी चार-पाच आईबाप हे ऐकून माझ्या खिडकीपुढे खाली बसायचे. प्रवेशाच्या आधी कुणी सांगत नाही.)

तुझ्यासारख्या मुलाला यात शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम शासन देतं. विकास शुल्क त्यात येत नाही, ते तुझं तुलाच भरायचं. म्हणजे १,१८,००० चे निम्मे ५९,००० शासनाचे. उरलेले ५९,००० आणि विकास शुल्काचे १५,००० मिळून ७४,००० तुझे. त्यातले ६०,००० तू भरलेस.

तुझी बाकी ७३,००० नाही. १४,००० आहे.

पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी निम्मंच शिक्षण शुल्क घ्यावं, असं शासनाने कॉलेजांना सांगितलेलं आहे. अकाउंट्सवाल्यांना हे माहीत असतं. ते तुझ्यावर खार खाऊन आहेत असं समजू नकोस. सरकारचे पैसे उशिरा येतात, कधी पुढचं वर्ष उजाडतं, आणि तोवर पगार कुठून करायचे हा त्यांचा घोर खरा आहे. पण त्यांचा घोर तुझ्या गोठ्यातून मिटवायचा नाही.

भांडायला जाऊ नकोस, अर्ज घेऊन जा. प्राचार्यांच्या नावाने कोऱ्या कागदावर, तुझ्या हाताने: मी अमुक शाखेचा, कॅपमधून प्रवेश, ईबीसीला पात्र, महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) अर्ज भरला आहे, अर्जाचा क्रमांक हा, माझ्या हिश्श्याच्या ७४,००० पैकी ६०,००० भरले आहेत, उरलेले १४,००० दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी. सोबत अर्जाची प्रिंट, उत्पन्नाचा दाखला आणि फीच्या पावतीची झेरॉक्स. दोन प्रती ने. एक आवक-जावकला द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी बोललेलं आमच्या कचेरीत चहाच्या कपाबरोबर विसळून जायचं, पण आवक क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागायचं.

कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतं, शिक्षण आणि विकास वेगवेगळं लिहिलेलं. पावतीवरचे आकडे एकदा ताडून बघ. आणि काहीच दाद लागली नाही तर शिवाजीनगरला तंत्रशिक्षण विभागाचं सहसंचालक कार्यालय आहे. पण तिथे शेवटी जायचं. मी पाहिलंय, पहिल्याच दिवशी वर तक्रार केलेल्या मुलाची फाइल खाली सगळ्यात सावकाश सरकते. चूक आहे, पण आहे.

उठला. बाकी रात्री.

दिवेघाट_उतार

मॅडम, १४,००० वाचून मी तीनदा बेरीज केली. रूममधल्या दोघांनाही करायला लावली. पण मी महाडीबीटीवर अर्जच भरलेला नाही अजून. साइट उघडली की फिरत राहते.

खिडकी_क्रमांक_३

मॅडम नको. कॉलेजातली पोरं मला काकू म्हणायची, समोर. मागे काय म्हणायची ते मला माहीत आहे.

साइट पहाटे पाचला उघड. खरंच सांगते. दिवसा अख्खा महाराष्ट्र तिच्यावर बसलेला असतो. पण बसण्याआधी तयारी. माझ्या अनुभवात पैसे अडतात ते फार करून तीन जागी, आणि तिन्ही तुझ्या हातातल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. माझ्याकडे एक मुलगी होती, आधारवर वडिलांचं नाव 'बाळू', मार्कलिस्टवर 'बाळासाहेब'. अख्खं वर्ष गेलं तिचं. आजच सगळे कागद पलंगावर पसर आणि अक्षर न् अक्षर जुळव. आधारवरची दुरुस्ती आधार केंद्रात होते, फक्त आठवडा-दोन आठवडे आधी निघायला हवं.

दुसरी, बँक. महाडीबीटीचे पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं पोरांना वाटतं. ते तुझ्या आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि जोडलेलं म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेलं. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन परस्पर एखादं खातं उघडून दिलेलं असतं, पासबुक नाही, काही नाही, आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन बसते. एका मुलाचे पैसे असे १४ महिने एका खात्यात पडून होते आणि तो रोज माझ्यापुढे येऊन रडायचा. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. तिथे भलतीच बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरायचा.

तिसरी जागा 'सेंड बॅक'. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथल्या माणसाला काही कमी दिसलं की तो परत पाठवतो, आणि तो तुझ्या खात्यात 'सेंड बॅक' होऊन पडतो. तू दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला नाहीस तर तो तसाच मरतो. पोरं एकदा सबमिट केलं की पेढे वाटतात आणि मार्चमध्ये विचारायला येतात. दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना तुझी, तेव्हा बघ.

आता नेट कॅफेवाला. त्याचे २,५०० हा छोटा भाग. एका वर्षी आमच्याकडे एकाच एजंटाने भरलेले ४० च्या वर अर्ज आले. त्याने सगळ्या मुलांच्या प्रोफाइलवर मोबाइल नंबर स्वतःचाच टाकलेला. अर्ज परत गेले तेव्हा मेसेज गेले त्याच्या फोनवर, आणि तो गणपतीत गावाला गेलेला. पासवर्ड मुलांना माहीत नाहीत, ओटीपी त्याच्याकडे. टायपिंग आणि स्कॅनिंगचे पन्नास-शंभर कुणाला द्यावे लागले तर दे, पण मोबाइल नंबर तुझा, पासवर्ड तुझ्या वहीत, आणि ओटीपी तू स्वतः टाकायचा.

फॉर्ममध्ये उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक विचारतात, तो नीट बघून घाल. कागदाची फाइल २५६ केबीच्या आत लागते, म्हणून फोनने फोटो काढून तसाच चढवायला जाऊ नकोस. प्रोफाइलमध्ये होस्टेलचा रकाना येईल. इथे नव्वद टक्के पोरं 'डे स्कॉलर', म्हणजे घरून ये-जा करणारा, असं लिहून मोकळी होतात, कारण कॉलेजच्या होस्टेलला नसतात. तू घरापासून लांब राहतोस, तसं लिही. कारण तुझा दुसरा प्रश्न तिथेच सुटतो.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ईबीसी मिळणाऱ्या, घर सोडून शिकणाऱ्या मुलासाठी, पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर. पुण्यासारख्या मोठ्या शहराचा दर लहान गावांपेक्षा जास्त असतो. फीच्या शिष्यवृत्तीसोबत ही घेता येते, दोन्ही एकाच महाडीबीटीवर, पण अर्ज वेगवेगळे. एक भरला की दुसरा आपोआप होत नाही. दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक, म्हणजे ढोबळ पाच एकर. तुमची सव्वादोन. वडिलांना सासवडला तहसीलमधून अल्पभूधारक दाखला काढावा लागेल, त्याला सातबारा आणि आठ-अ लागेल. आणि राहण्याचा पुरावा: कॉट बेसिसवाल्याकडून भाडेकरार. तो कुरकुर करेल. त्यांना करार म्हटलं की टॅक्स दिसतो. गोड बोलून घे.

स्वाधार_२०२१

काकूंनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझी एक चूक सांगतो म्हणजे दुसऱ्याची होणार नाही.

मी अनुसूचित जातीतला, मला दोन ठिकाणचे पैसे होते. फीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. स्वाधारचे तेव्हा पुण्यासाठी वर्षाला ६०,००० होते: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. आले उशिरा, पण आले.

चूक फीच्या पैशात झाली. त्यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. मला वाटलं ही माझी शिष्यवृत्ती. एवढी रक्कम मी आयुष्यात खात्यावर पाहिली नव्हती. लॅपटॉप घेतला, आईला कानातलं केलं. दोन महिन्यांनी कॉलेजनं फी मागितली आणि माझं डोकं फिरलं. कानातलं मोडलं नाही, पण वर्षभर रात्री केटरिंगला जाऊन फेडलं. लग्नाच्या सीझनमध्ये एका रात्रीचे ६००.

पैसे आले की आधी काकूंसारख्या कुणाला तरी विचारा की यातला माझा किती.

येरवड्याची_पोर

दिवेघाट, तुला हे लागू नाही, पण वाचणाऱ्या पुण्याच्या पोरांसाठी. महापालिका हद्दीत राहणाऱ्यांना पालिकेचं स्वतःचं अर्थसाहाय्य असतं. दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद योजनेचे १५,०००, बारावीनंतर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे योजनेचे २५,०००. ओपनला ८० टक्के लागतात, मागासवर्गीय आणि पालिकेच्या शाळेतल्यांना ७०. माझ्या वर्गात ११ जण पात्र होतो, अर्ज केला तिघींनी. बाकीच्यांना वाटलं काहीतरी नगरसेवकाचं असेल.

आणि दिवेघाट, तुझ्या बहिणीसाठी. ती बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या व्यावसायिक कोर्सला कॅपमधून गेली तर तुझ्यासारखं निम्मं नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही ओपनचे, तर तिच्या प्रवेशाच्या वर्षी ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढा. शिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, पदवी किंवा डिप्लोमाच्या मुलींना वर्षाला ५०,०००. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मी त्यावर नर्सिंगवाल्या मैत्रिणीला पण बसवायला गेले होते, नाही बसत, ती तांत्रिक कोर्सलाच आहे. पुण्यात मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशनही आहे, तिथे मुलाखत होते. मुलाखतीला मी इंग्रजीत पाठ करून गेले आणि समोरच्या बाईंनी मराठीत विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

खिडकी_क्रमांक_३

येरवड्याच्या पोरीने बहिणीचं काढलं ते बरं झालं, मी विसरले होते. तिच्यासाठी आणखी एक. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना काही कोडच्या शेवटी टी असतो. त्या ट्युशन फी वेव्हरच्या जागा, पाच टक्के, गुणवत्तेवर. त्या जागेवर नंबर लागला की पूर्ण कोर्सभर शिक्षण शुल्क नाही. मुलं-मुली दोघांनाही. तुझं आता होऊन गेलं, कारण ते फक्त कॅपच्या वेळीच मिळतं. पोरं तो टी बघून घाबरतात, वाटतं काहीतरी दुय्यम सीट आहे. वर्ग तोच, बाक तोच, पदवी तीच.

बँकेतला_एकजण

कर्जाचं कुणी काढलं नाही म्हणून दोन ओळी. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज वा कोर्स नॅक किंवा एनबीएचं मानांकन असलेला असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि पुढच्या एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. तोंडी विचारू नका, शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. गावची शाखा म्हणते पुण्यात जा, पुण्याची म्हणते गावात जा. हे मी आतून सांगतोय. पोर्टलवरच्या अर्जाला क्रमांक असतो, तो नाकारायचा तर शाखेला कारण लिहावं लागतं. शेकडा तीनने सावकाराकडे जाण्याआधी एवढं करा. १४,००० साठी मात्र कर्ज काढू नका.

मेसचा_डबा

कमवा व शिका कुणी बोललंच नाही! कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची योजना, पुणे विद्यापीठाची, संलग्न कॉलेजांतही असते. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक सर असतात, त्यांना गाठ. मी दोन वर्षं लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घातली. तासावर पैसे. श्रीमंत होत नाहीस, पण मेस निघते. आणि लायब्ररीत काम असलं की परीक्षेच्या आदल्या रात्री ते एकच पुस्तक कुणाकडं आहे ते फक्त तुला माहीत असतं.

राहायचं म्हणशील तर पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी सहाय्यक समितीचा फॉर्म भर. १९५५ पासून खेड्यातल्या पोरांसाठीच चालू आहे, अच्युतराव आपट्यांनी काढलेली. मुलाखत असते, शिस्त आहे, कामं करावी लागतात. माझा भाऊ तिथं होता. आधी रडायचा, आता तिथल्या स्नेहमेळाव्याला सुट्टी टाकून जातो.

दिवेघाट_उतार

सगळ्यांचे आभार. सेंट्रल सेक्टर म्हणून केंद्र सरकारची अजून एक शिष्यवृत्ती दिसली, वर्षाला १२,०००. मला बारावीला चांगले मार्क आहेत. तीही भरू का?

आणि खरं सांगू का, एवढ्या ठिकाणी अर्ज करायचे म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. आमच्या घरात कुणी कुणापुढं मागितलेलं नाही. आत्याचे ४०,००० घेताना वडील दोन दिवस जेवले नव्हते नीट.

खिडकी_क्रमांक_३

सेंट्रल सेक्टर तुला घेता येत नाही, म्हणजे ईबीसीसोबत नाही. तिच्या नियमातच आहे की दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीची सवलत घेत असाल तर ही नाही. ५९,००० सोडून १२,००० घ्यायचे नसतील तर तिकडे जाऊ नकोस. दोन्ही भरून बघू, जे येईल ते, असंही करू नकोस. आधारवर सगळं दिसतं आता.

हात पसरण्याचं. माझे आजोबा कोकणातून पुण्यात आले शिकायला. अनाथ विद्यार्थी गृहात राहिले. १९०९ सालची संस्था, पुढे तिचंच पुणे विद्यार्थी गृह झालं. तेव्हा मुलं झोळी घेऊन माधुकरी मागायची. आजोबा सदाशिव पेठेत एका वाड्यात जायचे, तिथली बाई रोज आमटी वाढताना म्हणायची, "भांडं पुढे कर, सांडेल." एवढंच. नाव विचारलं नाही, जात-गाव विचारलं नाही. आजोबा पुढे शाळेत गणित शिकवायचे. म्हातारपणी सगळं विसरले, पण आमटी वाढायला गेलं की वाटी हातात धरून पुढे करायचे.

तुला झोळीसुद्धा घ्यायची नाही. खिडकी आहे, अर्ज आहे, आवक क्रमांक आहे. तुझ्या वडिलांनी सरकारला शेतसारा दिला तेव्हा सरकारने हात पसरला असं कुणी म्हटलं का?

आणि घरी खरं काय ते सांग. शिष्यवृत्तीचं काम झालं म्हणून सांगितलंस ना? अल्पभूधारक दाखल्याला सातबारा वडिलांचा लागणार आहे, ते काही तुझ्या रूमवर बसून होणार नाही.

दिवेघाट_उतार

अकरा दिवसांनी लिहितोय.

पहाटे पाचला साइट चालली काकू. पावणेसहापर्यंत ईबीसीचा अर्ज झाला. त्याची प्रिंट जोडून कॉलेजला अर्ज दिला. आवकच्या बाईंनी आधी घेतला नाही, म्हणाल्या अकाउंट्सला विचारून ये. अकाउंट्सचे म्हणाले साहेब नाहीत. मी परत आवकला येऊन बाकावर बसलो, दीड तास. शेवटी त्यांनीच हाक मारून शिक्का मारला. चौथ्या दिवशी बोलावणं आलं. आधी तेच, पूर्ण भर. मी पावतीवर पेन्सिलनं केलेला हिशोब दाखवला. ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, काकूंनी. त्यांना वाटलं माझी खरी काकू. १४,००० पैकी ७,००० आत्ता, ७,००० दिवाळीनंतर. लिहून दिलंय.

बँक सीडिंग बघितलं. तुम्ही म्हणाला तसंच निघालं, सिम घेतलं तेव्हाचं कुठलं तरी खातं. सासवडच्या शाखेत फॉर्म दिलाय, परवा बदललेलं दिसलं.

कॉटवाल्या काकांनी भाडेकरार करायला नकार दिला. मग त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये विंडोज टाकून दिलं, दुसऱ्या दिवशी झाला.

आता अडलंय ते असं. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा' आहे आणि आधारवर 'ज्ञानेश्वर'. भत्त्याचं गेलं का?

खिडकी_क्रमांक_३

गेलं नाही. सातबारा दुरुस्त करायला लागलास तर तू इंजिनिअर होऊन बाहेर पडशील तरी फेरफार व्हायचा नाही, त्या नादी आत्ता लागू नको. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं वडिलांचं प्रतिज्ञापत्र कर आणि ते घेऊन आधी तलाठ्याकडे, मग तहसीलला. ते त्यांच्याकडे चालतं का, आणखी कुठला कागद जोडायचा, हे तिथेच विचारून घे, प्रत्येक तहसीलचं थोडं आपलं असतं. रेशनकार्ड आणि मूळ आधार बरोबर ने. सही वडिलांची लागेल, म्हणजे त्यांना यावं लागेल.

घरी सांगितलंस का?

दिवेघाट_उतार

परवा रात्री सांगितलं. ते काही बोलले नाहीत, गोठ्यात गेले. परत आल्यावर विचारलं, तहसील किती वाजता उघडतं.

उद्या धार काढून झाली की निघतोय दोघं.